बधिर बोटांनी शिवलेलं सुयांचं पुस्तक

माझ्या पायातली चप्पल रस्त्यात कुठेतरी निघून पडली आणि घरी येईपर्यंत मला ते कळलंच नाही. माझी मुलगी सानिया दारातच म्हणाली, "मम्मी, एक चप्पल कुठंय?" मी खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय मातीनं भरलेला. आम्ही दोघी हसलो. दुसऱ्या दिवशी मला त्या हसण्याचीच भीती वाटली.

मी रेहाना. पारनेरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाऊज शिवते आणि मुलींना शिवणकाम शिकवते. माझे पती इक्बाल विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतात, म्हणजे त्यांच्यात तांब्याची नवी तार गुंडाळतात. घरात सासूबाई आणि बारावीला असलेली सानिया. आमच्या घरात दोघांचंही काम बोटांचं आहे, हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढची भीती कशाची होती ते लक्षात येईल.

आजारी असताना मला डॉक्टरांकडून माहिती पुष्कळ मिळाली. पण त्या पलंगावर पडलेल्या माणसाला आतून काय होतं, ते सांगणारं कोणी भेटलं नाही. तुमच्या घरात कुणी असं पडलेलं असेल, तर त्यांच्यासाठी हे आहे. वाचून धीर येईलच असं मी म्हणत नाही. पण आपल्यालाच असं वाटतंय का, या प्रश्नाचं उत्तर तरी मिळेल.

रबरी हातोडी

चप्पल हरवायच्या काही दिवस आधी मला जुलाब झाले होते. चार गोळ्यांत बरं वाटलं आणि मी ते विसरून गेले. मग चप्पल हरवली. दुसऱ्या दिवशी एका साडीला फॉल लावत होते, तर सुई हातातून सुटली. उचलली, पुन्हा सुटली. बोटांच्या टोकांना मेण फासल्यासारखं वाटत होतं. जवळच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून इंजेक्शन दिलं. संध्याकाळी मी स्टुलावरून उठायला गेले आणि उठताच येईना. पाय माझेच होते, पण ऐकत नव्हते. इक्बालनी मला उचलून शेजाऱ्यांच्या गाडीत घातलं आणि आम्ही सुप्याच्या रस्त्यानं नगरला गेलो. गाडीत सासूबाई माझ्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटत दुआ म्हणत होत्या. सानिया माझे तळवे चोळत होती आणि पुन्हा पुन्हा विचारत होती, "आता कळतंय? आता?"

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली.

"पाय सैल सोडा."

"सोडलाय."

त्यानं पुन्हा मारली. मग दुसऱ्या पायावर. मग हाताच्या कोपराजवळ. मी माझ्या पायाकडे बघतच नव्हते, त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याचे ओठ घट्ट मिटत गेले.

"डॉक्टर, पाय उडायला पाहिजे ना?"

"मोठे डॉक्टर येतील. ते सांगतील तुम्हाला."

हे वाक्य मी आयुष्यात कधी विसरणार नाही. त्यानं काही वाईट सांगितलं नव्हतं. पण जे सांगायचं ते मोठ्या माणसानं सांगावं लागणार आहे, एवढं मला कळलं.

मोठे डॉक्टर आले. वयस्कर होते, खुर्ची ओढून बसले. "याला जीबीएस म्हणतात," ते म्हणाले. "आपलंच शरीर आपल्या नसांवर उलटतं. पायापासून वर चढतं. काही दिवसांनी थांबतं, मग उतरायला लागतं. बहुतेक लोक बरे होतात."

इक्बालनी विचारलं, "वर म्हणजे कुठवर?"

"ते आज नाही सांगता येणार. श्वासापर्यंत पोचलं तर मशीन लावावं लागेल. म्हणून आम्ही त्यांना आयसीयूत ठेवतोय."

इक्बाल मान हलवत राहिले. मी 'बहुतेक' या शब्दापाशीच अडकले होते. बहुतेक लोक बरे होतात, मग जे होत नाहीत त्यांना डॉक्टर काय सांगत असतील? खुर्ची ओढून, असंच शांतपणे, हेच सांगत असतील ना?

श्वास चोरणं

या आजारात दुखण्यापेक्षा वाट बघणं जास्त असतं. सकाळी डोळे उघडले की मी स्वतःची तपासणी करायची. काल गुडघा हलत होता, आज नाही. काल चमचा धरता आला, आज तो बोटांतून घरंगळला. कुणी पाण्याच्या टाकीत हळूहळू पाणी सोडावं आणि मी तिच्या तळाशी उभं असावं, तसं ते अंगात चढत होतं. सलाईनमधून औषध चालू होतं. त्याचा गुण यायला वेळ लागेल असं सगळे म्हणायचे. किती वेळ, हे कोणी म्हणायचं नाही.

सिस्टर दर थोड्या वेळानं येऊन सांगायच्या, "मोठा श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा." पहिल्या दिवशी मी शाळेतल्यासारखे धडाधड म्हटले. नंतर दम लवकर संपायला लागला. माझ्या पलंगाशेजारी प्लॅस्टिकनं झाकलेलं एक मशीन उभं होतं. ते कशाचं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. ते मशीन लावलं की माणूस बोलू शकत नाही, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी चोरी करायला लागले. आकड्यांच्या मधे नाकातून हळूच श्वास ओढून घ्यायचा आणि पुढचे आकडे म्हणायचे. सिस्टर लिहून घ्यायच्या आणि "छान" म्हणायच्या.

एकदा मोठे डॉक्टर स्वतः उभे राहिले. त्यांनी माझ्या छातीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "आता म्हणा."

मी म्हटले. त्यांच्या हाताला सगळं कळलं.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही श्वास चोरताय. मशीनला घाबरता ना? पण तुम्ही लपवलंत तर आम्हाला उशीर होईल. आणि उशीर झाला तर मी मशीन लावूनही काही करू शकणार नाही."

ते रागावले नव्हते. मला रडू आलं. आडवं पडून रडलं की पाणी कानात जातं, आणि माझा हात तोंडापर्यंत येत नव्हता. सफाईला येणाऱ्या सुमन मावशींनी ते बघितलं. त्यांनी हात धुतले, पदरानं माझे कान पुसले आणि विचारलं, "नाक खाजतंय का?"

खाजत होतं. सकाळपासून खाजत होतं. एवढ्या सगळ्या मोठ्या आजारात नाक खाजतंय हे कुणाला सांगणार? त्यांनी ते हळूच खाजवलं. त्यानंतर त्या जेव्हा जेव्हा माझ्या पलंगाजवळून जायच्या तेव्हा थांबून विचारायच्या, "नाक?" तुमच्या घरात कोणी असं पडून असेल तर त्यांना हे विचारा. त्यांना मोठमोठा धीर द्यायच्या आधी हे विचारा.

आजार गळ्यापर्यंत चढला. माझी एका बाजूची पापणी मिटेना, चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला. मशीनवरचं प्लॅस्टिक काढून ठेवलं गेलं. आणि मग तो थांबला. दुसऱ्या दिवशीही तिथेच होता. तिसऱ्या दिवशीही. मशीन लावावं लागलं नाही. का थांबला ते मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "औषधानं थांबला म्हणू शकतो, आणि तुमचं नशीबही म्हणू शकतो." मी त्यावर समाधान मानलं नाही. कारण कळलं नाही तर तो पुन्हा कधीही चढू शकतो, असंच माझ्या मनानं घेतलं.

इक्बाल भेटीच्या वेळेला यायचे आणि माझ्याकडे न बघता माझ्या डोक्याशी लावलेल्या मॉनिटरच्या पडद्याकडे बघत उभे राहायचे. तिथे हिरव्या रेघा आणि आकडे हलत असायचे. मोटारी दुरुस्त करणारा माणूस, त्यांना मीटर वाचायची सवय. पण मला वाटायचं, माझ्याकडे बघा ना एकदा. माझ्या वाकड्या तोंडाकडे त्यांना बघवत नाही, असं मी धरून चालले.

रिकामं कपाट

घरी आणलं तेव्हा मला बसता येत होतं, पण उभं राहायला दोन माणसं लागत होती. पुढच्या खोलीत पलंग टाकला होता. माझं शिलाई मशीन भिंतीला सरकवून वर चादर घातलेली. समोर काचेचं कपाट. त्यात बायकांनी शिवायला टाकलेली कापडं पिशव्यांमधून ठेवलेली असायची, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी.

कपाट रिकामं होतं.

"कापडं कुठं गेली?" मी विचारलं.

"परत दिली," इक्बाल म्हणाले. "सगळ्यांच्या घरी जाऊन दिली."

"मला न विचारता?"

"तू तेव्हा मान पण हलवत नव्हतीस."

"कान शाबूत होते माझे."

सानिया उठून आत गेली. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे बेटा, बरी हो आधी." मी काही जाऊ दिलं नाही. मी इक्बालना म्हटलं, तुम्ही ठरवूनच टाकलंत ना, की मी आता शिवू शकणार नाही. डॉक्टर 'बहुतेक' तरी म्हणाले, तुम्ही तर तेवढंही म्हणाला नाहीत.

इक्बाल रिकाम्या कपाटापाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "लोक कापड मागायला आले असते. तुला पलंगावर बघितलं असतं. तुझ्या हाताकडे बघितलं असतं. मला ते सहन झालं नसतं, रेहाना."

त्यांचं खरं होतं आणि माझंही खरं होतं. आमच्यात त्यानंतर कितीतरी दिवस कामापुरतंच बोलणं झालं. ते मला उचलायचे, न्हाणीत नेऊन बसवायचे, परत आणायचे. इतकं जवळ असून आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत बघत नव्हतो. आजारपणात घरात प्रेम वाढतं असं लोक म्हणतात. आमच्याकडे आधी फक्त थकवा वाढला.

हरवलेली सुई

फिजिओथेरपीच्या स्नेहल मॅडम आठवड्यातून काही वेळा घरी यायच्या. वयानं सानियापेक्षा थोड्याच मोठ्या. कणीक मळा, कपड्यांचे चिमटे दाबा, ताटातले राजमा एकेक उचलून वाटीत टाका. पायांत हळूहळू जोर येत होता. हातांतही येत होता. पण बोटांच्या टोकांना स्पर्श कळत नव्हता. राजमा चिमटीत आहे की नाही हे बघून समजायचं. नजर हलली की तो पडायचा.

एका दुपारी घरात कोणी जवळ नसताना मी मशीनच्या खणातून सुई घेतली आणि पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर धावदोरा घालायला लागले. पाच-सहा टाके झाले आणि कापडावर लाल ठिपका दिसला. मग आणखी एक. सुई माझ्या बोटात टोचत होती आणि मला पत्ता नव्हता. मी घाबरून हात झटकला. सुई उडाली.

सुई सापडेना. चादरीत नाही, उशीखाली नाही. मग मला खरी भीती सुचली. ती माझ्याच अंगात कुठे शिरली असेल तर? मांडीत, तळव्यात, कुठेही. मला कळणारच नाही. मी सानियाला हाक मारली. तिनं माझे पाय, हात, पाठ सगळं तपासलं. सासूबाईंनी गादी उलटी केली. इक्बाल दुकानातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन आले आणि गुडघ्यांवर बसून सगळी फरशी त्यानं पुसून काढली. शेवटी पलंगाच्या पायाशी चुंबकाला ती चिकटली.

त्यांनी ती सुई चिमटीत धरून माझ्यासमोर उंच केली.

"आता या घरात सुई नको," ते म्हणाले.

"मग मी पण नको," मी म्हणाले.

मला असं बोलायचं नव्हतं. तोंडातून गेलं. ते माझ्याकडे बघत राहिले, दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत. मग ते पलंगाच्या कडेवर बसले. "सुई ठेवायची तर तिला जागा पाहिजे," ते म्हणाले. "प्रत्येक सुईला तिची जागा. काम झालं की मोजायच्या. एक कमी असली की उठायचं नाही."

मी म्हटलं, "तसं पुस्तक असतं. कापडी. मी मुलींना शिकवलंय."

"मग शिव," ते म्हणाले. "पण मी नाहीतर सानिया समोर असतानाच."

डाळिंब

सुयांचं पुस्तक म्हणजे फार मोठी गोष्ट नाही. बाहेरून कापडी कव्हर, त्यात कडकपणासाठी बक्रम, आत लोकरीची दोन-तीन पानं. लोकरीत सुई घट्ट बसते आणि लवकर गंजत नाही. बंद करायला एक बटन आणि दोऱ्याचा फासा. चांगला हात असलेली मुलगी एका दुपारी शिवून टाकते.

माझे पहिले काही दिवस कापड कापण्यातच गेले. कात्रीत अंगठा बसेना. सानिया म्हणाली, "मी कापते ना." मी तिला कापू दिलं, आणि ती आत गेल्यावर रडले. कव्हरला माझ्याच एका जुन्या जांभळ्या रेशमी ब्लाऊजचं कापड घेतलं, त्याला सोनेरी काठ होता. पानांसाठी सासूबाईंनी स्वतःची जुनी शाल दिली.

सुई गोधडीची घेतली, जाड, मोठ्या नाकाची. दोरा सानिया ओवून द्यायची. पानांच्या कडांना काजटाका घालायला सुरुवात केली. तो टाका मी झोपेतही घालू शकते असं मुलींना सांगायचे. आता प्रत्येक टाक्याला डोळे लावून बसावं लागत होतं. सुई आत गेली का, बघायचं. बाहेर आली का, बघायचं. दोरा ओढला का, बघायचं. बोटांचं सगळं काम डोळ्यांवर पडलं होतं आणि डोळे लवकर थकायचे. पहिल्या पानाचे टाके लहान-मोठे, तिरके, एकमेकांवर चढलेले आहेत. ते मी उसवले नाहीत. उसवले असते तर पुन्हा घालायचा धीर झाला नसता.

कव्हरवर मी डाळिंब भरायचं ठरवलं, फुटलेलं, आतले दाणे दिसणारं. आमच्या भागात घरोघरी त्याच्या बागा आहेत, डोळे मिटले तरी मला ते काढता येतं. बाहेरची साल साखळी टाक्यानं, डाळिंबाच्या पानांवर टिकल्या, देठाशी आरसेकामातलं एक छोटं भिंग आणि आतले दाणे लाल मण्यांचे.

सानिया म्हणाली, "मम्मी, साधं शिव ना. सुयाच तर ठेवायच्यात."

"साधं लवकर संपेल," मी म्हणाले.

तिला वाटलं मी हौसेनं बोलतेय. खरं म्हणजे मला ते संपायला नको होतं. ते संपलं की पुढे ब्लाऊज होता. बाहीचा गोल, गळ्याची पट्टी. ते जमलं नाही तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुस्तक चालू होतं तोवर तो प्रश्न लांब होता. म्हणून मी आणखी मणी लावत गेले.

मणी उचलायला बोट ओलं करायचं आणि बशीत टेकवायचं. एक चिकटायचा, सुईपर्यंत येईपर्यंत पडायचा. इक्बाल संध्याकाळी दुकानातून आले की समोर बसायचे आणि खाली पडलेले मणी वेचून पुन्हा बशीत टाकायचे. बोलायचे नाहीत. एकदा मात्र म्हणाले, "माझं पण असंच होतं तार भरताना. एक वेढा चुकला की सगळं पुन्हा." मी म्हटलं, "तुम्हाला चुकलेलं कळतं तरी." ते म्हणाले, "तुलाही कळतंय की. नाहीतर एवढी चिडली असतीस का?"

काम उरकलं की आम्ही सुया मोजायचो. सगळ्या भरल्या की मगच ते उठायचे.

मुंग्या

मी काठी घेऊन चालायला लागले होते. आणि एका सकाळी तळपायांत मुंग्या आल्या. घोट्यापर्यंत. मग पोटऱ्यांत. जसं पहिल्यांदा चढलं होतं तसंच.

मी कुणाला सांगितलं नाही. न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि एका दमात आकडे म्हणायला लागले. पुरेसे झाले. पण मला माझ्यावरच विश्वास नव्हता, मी चोरी केली नसेल कशावरून? पुन्हा म्हटले. बाहेरून सानियानं दार वाजवलं. "मम्मी, कुणाशी बोलतीयेस?"

दार उघडून मी तिला सांगितलं. ती इक्बालना बोलवायला धावत गेली. नगरपर्यंत गाडीत मी मनातल्या मनात आकडेच म्हणत राहिले.

डॉक्टरांनी हातोडी मारली. पाय उडाला, थोडासाच, पण उडाला. "नसा भरून येताना अशा मुंग्या येतात," ते म्हणाले. "हे चढणं नाही, ताई. परत येणं आहे."

मी त्यांना विचारलं, "दोन्हींतला फरक मला कसा कळणार?"

ते म्हणाले, "लगेच नाही कळणार. शंका आली की या. मी चिडणार नाही."

त्यांच्या या उत्तरानं मला जितका धीर आला तितका कुठल्याही दिलाशानं आला नव्हता. त्यानंतरही मी दोनदा गेले. ते चिडले नाहीत.

वंदना

पुस्तक शेवटी संपलंच. शिंपल्याचं बटन लावलं, दोरा तोडला. स्नेहल मॅडमनी ते उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाल्या, "रेहानाताई, माझं एक काम कराल? दवाखान्यात एक पेशंट आहे, तुमच्यासारखीच. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातली. कोणाशी बोलत नाही. तुम्ही एकदा याल?"

मला जायचं नव्हतं. ती खोली, तो वास, ते झाकलेलं मशीन. पण गेले. आत सुया चालणार नाहीत म्हणून पुस्तकातल्या सगळ्या काढून घरी डब्यात ठेवल्या.

वंदना वीस-बावीस वर्षांची होती. डोंगरातल्या गावची, घरी भातशेती. तिचं तान्हं बाळ गावाकडे तिच्या आईपाशी होतं. ती छताकडे बघत पडली होती. मी शेजारी बसले आणि पहिलं विचारलं, "नाक खाजतंय का?"

तिनं डोळे माझ्याकडे वळवले. मी तिचं नाक खाजवलं.

"ताई," तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, "तुमचं कुठवर चढलं हुतं?"

"गळ्यापर्यंत."

"मंग?"

"मग थांबलं."

"अन् उतरलं कवा?"

खोटं बोलायचं मनात आलं. पण मला त्या पलंगावरून खोटं कसं ऐकू येतं ते माहीत होतं. "अजून उतरतंय," मी म्हणाले.

ती पुन्हा छताकडे बघायला लागली. मी पिशवीतून पुस्तक काढलं आणि तिच्या डोळ्यांसमोर धरलं. पहिलं पान दाखवलं, वाकडे टाके. मग शेवटचं. मग कव्हर.

"डाळिंब हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "हाताला काय कळत न्हाई. गालाला लावा."

मी डाळिंबाची बाजू तिच्या गालावर ठेवली. तिनं डोळे मिटले आणि मान हलेल तेवढी हलवून मण्यांवर गाल घासला. "खडबडीत हाय," ती म्हणाली. निघताना मी पुस्तक तिच्या उशाशी ठेवून आले.

दोन दिवसांनी स्नेहल मॅडमचा फोन आला की वंदनाला मशीन लावलंय.

मी जेवू शकले नाही. मी तिला 'थांबलं' म्हणून सांगून आले होते. माझं थांबलं म्हणून तिचं थांबेल असं मी म्हटलं नव्हतं, पण तिनं तसंच धरलं असणार. रोज सकाळी इक्बाल दुकानात जायच्या आधी विचारायचे, "काही कळलं का तिकडचं?" दोघांनाही फोन करायची भीती वाटायची. शेवटी ते स्वतःच स्नेहल मॅडमना फोन लावायचे, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. तसंच आहे, म्हणायच्या त्या. बरेच दिवस तसंच राहिलं. मग मशीन काढलं असं कळलं. मग घरी नेलं असं कळलं. मग काहीच कळलं नाही.

मी दरम्यान एका शेजारणीचा साधा ब्लाऊज शिवायला घेतला. उजव्या हाताच्या दोन बोटांना आजही नीट स्पर्श कळत नाही. पूर्ण कळेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. मी विचारायचं सोडलेलं नाही.

बाही जोडत असताना फोन वाजला. अनोळखी नंबर, व्हिडिओ कॉल. पडद्यावर एक तरुण माणूस, मागे शेणानं सारवलेली ओसरी. "ताई, मी वंदनाचा मालक बोलतोय. तिला तुमास्नी बघायचंय," असं म्हणून त्यानं फोन फिरवला.

वंदना भिंतीला टेकून बसली होती. खूप वाळलेली, गळ्यावर मशीनच्या नळीची खूण. मांडीवर बाळ. हात दोन्ही बाजूंनी बाळाभोवती, थोडे ताठ. "ताई," ती म्हणाली, आवाज घोगरा, "वळखलं का?"

मी फोन डोळ्यांजवळ आणला. आणि तेवढ्यात मला दिसलं, बाळाच्या हातात माझं पुस्तक होतं. ते त्याला ओढत होतं. डाळिंबाचा एक दोरा सुटला होता आणि बाळाची मूठ त्या जागेवर घट्ट मिटली होती.

"मणी," मी ओरडले. "वंदना, त्याच्या मुठीत मणी आहे. तोंडात घालेल. काढा आधी. भाऊ, फोन ठेवा आणि काढा."

"थांबा जरा," वंदना नवऱ्याला म्हणाली. "मी काढते."

तिनं उजवा हात उचलला. तो हळू आला, हवेत थोडा डगमगला, मग बाळाच्या मुठीवर टेकला. अंगठा आत जाईना. तिनं पुन्हा प्रयत्न केला. बाळ हात ओढून घेत होतं, तिनं दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं. मग बाळाचं पहिलं बोट सुटलं. मग दुसरं. ती सगळं डोळ्यांनी बघून करत होती, ओठ दातांत धरून. मी माझ्या खोलीत श्वास रोखून बसले होते. दारात इक्बाल येऊन उभे राहिले होते, ते मला कळलं नाही.

मूठ उघडली. तळहातावर लाल मणी होता. वंदनानं बोट जिभेवर ओलं केलं, मण्यावर टेकवलं आणि तो उचलून पडद्यासमोर धरला.

"हा बघा," ती म्हणाली.